आगबोटीचा उतारू



लोटे हें समुद्रकांठचें गांव नव्हे. खेड आणि चिपळूण यांच्यामध्यें, परशुराम घाटाच्या माथ्याकडील सड्यावर तें वसलेलें आहे. येथून समुद्र दिसत नाहीं, त्याची गाज ऐकूं येत नाहीं. आणि आज बाहेरच्या माणसाला लोटे म्हटलें कीं महामार्ग आणि रासायनिक कारखान्यांची वसाहत एवढेंच आठवतें. अशा गांवच्या माणसानें समुद्रप्रवासावर बोलावें, याचें कांहींना नवल वाटेल. परंतु एक काळ असा होता कीं, लोट्याहून मुंबईस जावयाचें म्हणजे पाण्यावरूनच जावयाचें, हें येथें गृहीतच असे. कुंभार्ली घाट चढून कराडास जावें आणि तेथून रेल्वेची गाडी धरावी, हा दुसरा मार्ग होता. पण तो लांबचा, खर्चाचा आणि हाडें खिळखिळीं करणारा. म्हणून डोंगरावरच्या शेतकऱ्याचा मुलगासुद्धां मुंबईच्या गिरणींत नोकरी धरावयास निघाला, कीं त्याला आधीं समुद्राशीं ओळख करून घ्यावी लागे.

ही ओळख बहुधा धाकाची असे. आज मला त्या प्रवासाच्या रम्य आठवणी सांगावयाच्या नाहींत. चांदण्यांतील लाटा, मावळता सूर्य, किनाऱ्यावरचे जलदुर्ग यांची वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. मला विचारावयाचें आहे तें निराळें. आगबोटींत पाऊल ठेवणाऱ्या साध्या उतारूचा जीव कशावर अवलंबून असतो? जहाजाच्या आकारावर, कीं कप्तानाच्या कौशल्यावर, कीं दर्याच्या लहरीवर? माझें उत्तर असें आहे कीं, तो तीन साध्या गोष्टींवर अवलंबून असतो: बोटीवर माणसें किती हें कोणी मोजलें आहे काय, माणूस बोटीवर चढतो आणि उतरतो तो कसा, आणि संकट आलें तर तें किनाऱ्याला वेळेवर कळतें काय. कोंकणच्या आगबोटींचा इतिहास या तीन प्रश्नांनीं भरलेला आहे, आणि आज विलासी जहाजानें सहलीस जाणाऱ्या प्रवाशालाहि ते टळलेले नाहींत.

प्रथम चढण्या-उतरण्याविषयीं. लोट्याचा उतारू पहांटे निघून परशुरामाचा डोंगर उतरे आणि वाशिष्ठीच्या कांठाकांठानें चिपळूणच्या बंदरास, म्हणजे गोवळकोटास येई. गोविंदगडाच्या पायथ्याशीं लहान लाँच उभी असे. ती खाडीच्या वाटेनें दाभोळास नेई, आणि तेथें मुंबईची मोठी आगबोट मिळे. या खाडीच्या प्रवासांत घड्याळाला फारशी किंमत नव्हती. खाडी गाळानें भरत चाललेली. ओहोटीच्या वेळीं लाँच चिखलांत रुतावयाची. भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते, त्यामुळें प्रवासाची वेळ पंचांग पाहून ठरे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या निरक्षर बाईलाहि तोंडपाठ असे. अष्टमीला सुमारें सहा वाजतां, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. खाडीच्या आंत ही वेळ आणखी थोडी उशिराची. हिशेब ढोबळ खरा, पण त्यानें लाँच चुकत नसे.

खरी परीक्षा मोठी आगबोट गांठतांना होई. कोंकणांतील बहुतेक बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागत नसे. हर्णै किंवा मालवण येथें ती दूर पाण्यांत नांगर टाकी, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून माणसांनीं भरलेले पडाव तिच्याकडे वल्हवीत नेले जात. पडाव बोटीच्या अंगाला लागला कीं लाटेबरोबर तो पुरुषभर वर जाई आणि तितकाच खालीं येई. वरून शिडी सोडलेली. लाट पडावाला अगदीं वर उचलील त्या क्षणीं शिडीवर पाय ठेवावयाचा. क्षणभर उशीर झाला कीं पायाखालचा पडाव निघून जावयाचा. वरून एक खलाशी मनगट धरी, खालून तांडेल आधार देई. तान्हीं मुलें हातोहात वर दिलीं जात. नऊवारी सावरीत, डोक्यावरील पदर आणि कडेचें मूल सांभाळीत आमच्या आज्या-पणज्यांनीं हें दिव्य वर्षानुवर्षें केलें आहे. त्या काळच्या पुष्कळ स्त्रियांना सबंध समुद्रप्रवासापेक्षां ही दोन मिनिटेंच अधिक भयंकर वाटत, आणि त्यांचें वाटणें अगदीं योग्य होतें. बोटीवरून बोटीवर माणूस जातो तें क्षण आजहि समुद्रप्रवासांतील सर्वांत जपण्याचे असतात.

हें मी मुद्दाम सांगतों, कारण ही गोष्ट जुनी होऊन संपलेली नाहीं. आज हजारों प्रवासी नेणारीं सहलीचीं प्रचंड जहाजें सुद्धां लहान बंदरांत धक्क्याला लागूं शकत नाहींत. तीं बाहेर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. पडावाच्या जागीं यंत्राची होडी आली, शिडीच्या जागीं फळी आली. पण लाट तीच आहे. अशा वेळीं दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पिशवी पाठीवर घ्यावी, छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा, आणि खलाशी “आतां” म्हणेल तेव्हांच पाऊल उचलावें. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध माणसानें तिकीट काढण्यापूर्वींच विचारून ठेवावें कीं, कोणत्या बंदरीं जहाज धक्क्याला लागणार आणि कोठें होडींतून उतरावें लागणार. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेंत ही माहिती शोधावी लागते, पण ती असते.

बोटीवर चढल्यावर उतारू कोठें बसे? पैसेवाल्यांसाठीं वरच्या वर्गाची सोय होती. बाकी सर्वांचें ठिकाण तुतक. ज्याची वळकटी आधीं पसरली त्याची जागा. एकीकडे आंब्याच्या करंड्या, दुसरीकडे कोंबड्यांचीं खुराडीं, मध्यें ट्रंका आणि गांठोडीं, आणि या सर्वांच्या फटींतून माणसें. इंजिनाची धग आणि कोळशाचा वास सतत अंगावर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून दक्षिणेकडे पणजीपर्यंत अशा बोटी जात, आणि वाटेंत मुरूड, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत. पिण्याचें पाणी घरून सुरईंत किंवा तांब्यांत नेण्याची रीत होती, आणि ती शहाणपणाची होती. खाण्याला भाकरी, पिठलें, दडपे पोहे. पण तें खाववणार कोणाला? कारण बोट बाणकोटाच्या पुढें गेली न गेली तोंच निम्मा तुतक आडवा झालेला असे.

या दुखण्याला आपल्या भाषेंत फार सुंदर नांव आहे: “बोट लागणें”. दृष्ट लागावी किंवा ऊन लागावें तशी बोट लागते. त्याचें कारण साधें आहे. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत तोल सांभाळणारें एक नाजूक इंद्रिय आहे. बोट डोलूं लागली कीं तें इंद्रिय मेंदूला सांगतें, “आपण हलत आहों”. पण डोळे तुतकावरची ट्रंक स्थिर पाहतात आणि सांगतात, “आपण स्थिर आहों”. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं, आणि त्याची शिक्षा बिचाऱ्या पोटाला होते. म्हणून उपायहि त्याच वाटेनें जाणारे आहेत. बोटीच्या नाळेवर किंवा पाठीमागें न बसतां मध्यभागीं आणि शक्य तितकें खालच्या मजल्यावर बसावें. तेथें हेलकावा सर्वांत कमी. वाचन किंवा विणकाम करूं नये. मोकळ्या हवेंत येऊन दूर क्षितिजाकडे पाहावें, म्हणजे डोळ्यांची साक्ष कानाशीं जुळते. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये, तुडुंबहि भरूं नये. आल्याचा तुकडा चघळण्याची जुनी रीत निरुपयोगी नव्हे. गोळ्या मिळतात, पण त्या बोट सुटण्यापूर्वीं घ्यावयाच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटांत राहत नाहीं. आणि वृद्धांनीं, गर्भवती स्त्रियांनीं व नेहमीं औषधें घेणाऱ्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत. आणखी एक गोष्ट जुन्या तांडेलांना ठाऊक होती: आमच्या किनाऱ्यावर उघडीपीच्या महिन्यांत पहांटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असतें, दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि मुंबईकडे जाणाऱ्या बोटीला समोरून लाटा घ्याव्या लागतात. लहान बोटीनें जावयाचें असेल तर सकाळची वेळ धरावी, हा सल्ला आजहि खरा आहे.

बोट लागल्यानें माणूस मरत नाहीं. मरतो तो गर्दीनें. आतां मी मोजदादीच्या प्रश्नाकडे येतों.

कोंकणची आगबोट वर्षभर चालत नसे. आगोटीला, म्हणजे जूनच्या आरंभीं, ती बंद होई आणि साधारणपणें ऑगस्टच्या अखेरीस किंवा त्यानंतर पुन्हां सुरू होई. त्यामुळें वर्षांत दोन वेळां माणसांचा लोंढा उसळे. मे महिन्याच्या अखेरीस “आतां बोट बंद होणार” म्हणून परत फिरणारे चाकरमानी. आणि पावसाळा संपतां संपतां गणपतीला घरीं पोहोंचण्याची घाई. गणपति कोणाची वाट पाहत नाहीं. वर्षभर गिरणींत राबलेला माणूस बोटीच्या तोंडाशीं उभा असतांना “जागा संपली” हें शब्द ऐकण्याच्या मनःस्थितींत नसतो, आणि त्याला तें सांगण्याच्या मनःस्थितींत तिकीट विकणाराहि नसतो. ज्या ठिकाणीं उतारूची निकड आणि विकणाऱ्याचा लाभ एकाच दिशेनें ओढतात, त्या ठिकाणीं तिसऱ्या कोणीतरी “नाहीं” म्हणावें लागतें. हा तिसरा म्हणजे सरकारी नियम आणि तो पाळावयास लावणारा अधिकारी.

किनाऱ्यावर पुष्कळ वर्षें बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें वर्चस्व होतें. पुढें स्वदेशीच्या भावनेनें सहकारी पायावर दुसरी कंपनी निघाली. लोक तिला मोठ्या आपलेपणानें “माझी आगबोट कंपनी” म्हणत. तिच्या बोटींना संतांचीं नांवें दिलेलीं होतीं. दोन कंपन्यांच्या चढाओढीनें भाडें कमी झालें कीं उतारूला आनंद होई, आणि तो साहजिक होता. पण स्वस्त भाडें आणि सुरक्षित प्रवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें समुद्रानें दोनदां क्रूरपणें शिकविलें. ११ नोव्हेंबर १९२७ या दिवशीं एकाच वादळांत “तुकाराम” आणि “जयंती” या दोन बोटी बुडाल्या. नोव्हेंबर म्हणजे पावसाळा संपलेला. तरीहि अरबी समुद्रांत ऑक्टोबर-नोव्हेंबरांत चक्रीवादळें उठतात, आणि त्या काळीं त्यांची सूचना भर समुद्रांतील लहान बोटीपर्यंत पोहोंचविण्याचें साधन नव्हतें.

त्यानंतर वीस वर्षांनीं, १७ जुलै १९४७ रोजीं, “रामदास” बुडाली. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. आषाढी अमावास्येचा सुमार. सणासाठीं माणसें घरीं निघालेलीं. बोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जावयास निघाली. हा कांहीं लांबचा प्रवास नव्हे; दीड-दोन तासांची फेरी. बोटहि मोडकी नव्हती. १९३६ सालीं विलायतेंत बांधलेली, तीन मजल्यांची होती. परंतु दिवस भर पावसाळ्याचा होता. सुमारें अर्ध्या तासांतच, मुंबई बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ, तुफानाच्या लाटांनीं ती कलंडली आणि पाहतां पाहतां तळाशीं गेली. सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. तिकिटाविना चढलेलींहि कांहीं होतीं, त्यामुळें मृतांच्या आंकड्याविषयीं एकमत झालें नाहीं. ज्यांचें तिकीट नव्हतें ते जिवंतपणीं मोजले गेले नाहींत, आणि मेल्यावरहि नीट मोजले गेले नाहींत.

बोट कलंडते कशी, हें प्रत्येक उतारूनें समजून घेण्यासारखें आहे. तळाशीं जड माल असला म्हणजे बोट डोलली तरी पुन्हां सरळ होते. तिचा भार खालीं असतो. वरच्या मजल्यावर माणसांची दाटी झाली कीं भार वर चढतो आणि तिची सरळ होण्याची शक्ति कमी होते. अशा वेळीं एका बाजूनें लाट आली, माणसें भिजूं लागलीं आणि घाबरून सर्वजण दुसऱ्या बाजूस धांवलीं, कीं शेंकडों मणांचें वजन एका क्षणांत एका कडेला जातें. “रामदास”वरून वांचलेल्यांच्या हकीकतींत हीच धांवाधांव वर्णिलेली आहे. पेटीला पाय नसतात. माणसाला असतात आणि भीतीहि असते. म्हणून माणसें नेणाऱ्या बोटीची मर्यादा माल नेणाऱ्या बोटीहून अधिक कडक असली पाहिजे. गर्दीच्या बोटींत बसलेल्या प्रत्येकानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, आपली जागा न सोडणें हेंहि जीव वांचविण्याचें एक साधन आहे.

आणि तिसरा प्रश्न, खबरीचा. “रामदास”वर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबई डोळ्यांच्या टप्प्यांत असतांना बोट बुडाली, आणि मुंबईला तें दुपारीं कळलें. मधल्या तासांत समुद्रांत तरंगणाऱ्यांना आधार मिळाला तो मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसकडील कोळ्यांचा. त्यांनीं आपला माल पाण्यांत टाकला आणि होड्यांत माणसें भरून घेतलीं. कोणत्याहि नियमानें त्यांना बांधलेलें नव्हतें. दर्याच्या धर्मानें बांधलेलें होतें. आमच्या जगबुडी-वाशिष्ठीच्या खाडीकांठच्या गांवांतूनहि कित्येक पिढ्या मोठमोठ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेल्या आहेत, आणि या दर्यावर्दी माणसांविषयीं आम्हां सडेकरांना आदर वाटतो तो याचसाठीं. पण कोळ्यांच्या थोरपणावर विसंबून बोटी सोडणें हा कांहीं कारभार नव्हे.

कोणी म्हणेल, हा आमच्या दरिद्री देशाचा दोष होता. तसें नाहीं. १९१२ सालीं “टायटॅनिक” बुडालें तें जगांतील श्रीमंतांचें जहाज होतें. त्यावर सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या नव्हत्या. त्या अपघातानंतर १९१४ सालीं राष्ट्रांनीं एकत्र येऊन समुद्रावरील जीवरक्षणाचा करार केला आणि प्रत्येक उतारूला होडींत जागा, बिनतारी यंत्रावर अखंड पहारा असे नियम ठरविले. पुढें १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ “कोस्टा कॉन्कॉर्डिया” हें सहलीचें जहाज खडकावर आदळलें आणि ३२ माणसें मेलीं. नव्यानें चढलेल्या शेंकडों प्रवाशांना संकटकाळीं कोठें जमावयाचें हें अजून शिकविलें गेलें नव्हतें; पूर्वींच्या नियमानें त्यासाठीं चोवीस तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेण्याचें बंधन आलें. प्रत्येक नियमाच्या मागें अशीं माणसें उभीं आहेत. मात्र एक गोष्ट विसरूं नये: हा आंतरराष्ट्रीय करार देशादेशांमधील सफरींना लागू आहे. मांडव्याला, घारापुरीला किंवा पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या आपल्या बोटीचें रक्षण देशाच्या आणि राज्याच्या नियमांवर, म्हणजे शेवटीं आपल्याच दक्षतेवर अवलंबून आहे.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. रस्ते सुधारले, एस. टी. गांवोगांव आली. “कोंकण शक्ति” आणि “कोंकण सेवक” या बोटींनीं आणखी कांहीं वर्षें वाट चालविली, आणि १९८० च्या दशकांत ही नियमित वाहतूक ओसरून गेली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सबंध मार्गावर धांवूं लागली आणि खेड-चिपळूणच्या माणसाला समुद्राची गरज उरली नाहीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत “आंग्रिया” हें सहलीचें जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालें. तें फार काळ टिकलें नाहीं. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह माणसें नेणारी मोठी बोट सुरू झाली. आमच्या दाभोळास २००३ पासून धोपाव्याला जाणारी गाड्यांची फेरीबोट आहे. खाडीच्या दोन्ही तीरांची तिनें जी सोय केली ती गुहागर आणि दापोलीच्या माणसांना विचारावी. तेव्हां बोटी इतिहासजमा झाल्या, असें म्हणतां येत नाहीं. त्या नव्या वेषांत परत येत आहेत.

आणि जुने प्रश्नहि परत येत आहेत. १४ मार्च २०२० रोजीं मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडूं लागली. पोलिसांची गस्तीची बोट जवळच होती. खबर तात्काळ मिळाली आणि ८८ उतारू सुखरूप निघाले. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीला निघालेल्या “नीलकमल” या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक माणसें होतीं, पुष्कळांच्या अंगांत तरंगण्याचीं जाकिटें नव्हतीं, आणि १५ जणांचा अंत झाला. एकाच बंदराच्या तोंडाशीं, पांच वर्षांच्या आंत घडलेल्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. बोटीवर चढल्यावर जाकीट कोठें आहे हें पाहणें, तें अंगांत घालून बंद आवळून पाहणें, मुलाच्या मापाचें मागून घेणें, यांत भित्रेपणा कांहीं नाहीं. उकडतें म्हणून तें पायाखालीं घेऊन बसणें हा शूरपणा नव्हे.

लांबच्या सफरीला निघणाऱ्यांसाठीं आणखी दोन-तीन गोष्टी. मोठें जहाज म्हणजे एक दाट वस्तीचें गांव असतें, आणि तेथें सांथ लवकर पसरते. फेब्रुवारी २०२० मध्यें जपानच्या योकोहामा बंदरांत अडकलेल्या “डायमंड प्रिन्सेस” या जहाजावर सुमारें ३,७०० माणसें होतीं. त्यांतील सातशेंहून अधिकांना करोनाची बाधा झाली. म्हणून जेवणाच्या आधीं हात साबणानें धुणें, आणि नेहमींचीं औषधें प्रवासाच्या दिवसांहून आठ-दहा दिवस अधिक पुरतील इतकीं जवळच्या पिशवींत ठेवणें, हें पथ्य पाळावें. आजारपणाचा विमा उतरवितांना समुद्रावरील उपचार आणि किनाऱ्यावर उचलून नेण्याचा खर्च त्यांत धरला आहे कीं नाहीं, हें वाचून घ्यावें. परक्या बंदरांत उतरल्यावर जहाजाच्या घड्याळाप्रमाणें परतावें. जहाज एका कुटुंबासाठीं थांबत नाहीं. आणि पहिल्या दिवशींची संकटकाळची कवाईत ही करमणुकींत आलेली अडचण समजूं नये. आपल्या खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंतची वाट एकदां पायांनीं चालून पाहावी, म्हणजे अंधारांत पायांनाच ती आठवते.

शेवटीं एक विनंती. कोंकणच्या किनाऱ्यावर पुन्हां जलमार्ग सुरू व्हावेत, असें आज अनेकांना वाटतें, आणि मलाहि वाटतें. महामार्गावरची गर्दी आणि घाटांत कोसळणाऱ्या दरडी आम्ही परशुरामाच्या माथ्यावरचे लोक दर पावसाळ्यांत पाहतों. समुद्राच्या रस्त्यावर खड्डे पडत नाहींत. परंतु नव्या बोटीचें स्वागत करावयास आपण धक्क्यावर जाऊं, तेव्हां तिचा वेग आणि तिच्यावरचें उपाहारगृह पाहण्याआधीं तिच्या दारांत लावलेली पाटी वाचावी. किती माणसांची परवानगी आहे, जाकिटें किती आहेत, हवामान कोणत्या मर्यादेपलीकडे गेलें कीं बोट सुटणार नाहीं, हें तेथें मराठींत आणि ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें. नसेल तर विचारावें. मर्यादा भरल्यावर गणपतीच्या गर्दींत आपल्याच तोंडावर दार बंद झालें, तर त्या दार लावणाऱ्यावर संतापूं नये. एक दिवस उशिरा घरीं पोहोंचलेल्या माणसासाठीं आरती पुन्हां करतां येते.